गेस्ट-होस्ट शेअर्ड मेमरीच्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू कसा करायचा

गेस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट म्हणजे ते ज्यावर चालतं ते खरं मशीन. या दोघांत वाटून घेतलेल्या मेमरीचा लिनक्स ड्रायव्हर रिव्ह्यूला आला की बहुतेक जण तो इतर ड्रायव्हरसारखाच वाचतात, म्हणजे प्रोबपासून (डिव्हाइस सापडल्यावर चालतं ते फंक्शन) सुरुवात, एरर पाथ नीट आहेत का, लॉक सुटतंय का, मेमरी मिळाली नाही तर काय, आणि हे सगळं जागेवर दिसलं की ओके देऊन मोकळे. हे बघायचंच, पण या ड्रायव्हरचे खरे बग सहसा तिथे नसतात. इथे एक मेमरी आहे जी तुमच्या कर्नलची एकट्याची नाही, पलीकडे दुसरं कर्नल किंवा होस्टवरचा प्रोसेस बसलाय आणि तो तुमचं लॉक वगैरे काही न विचारता कधीही तिथे लिहू शकतो. त्यामुळे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत पुढे जायचं: ही ओळ चालू असताना पलीकडचा या बाइटमध्ये काय लिहू शकतो? माझ्या मते अर्ध्याहून जास्त रिव्ह्यू या एका प्रश्नातच होतो.

उदाहरण म्हणून क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं आयव्हीश्मेम डिव्हाइस घेऊ, कारण ते लहान आहे आणि कुणालाही लॅपटॉपवर चालवून बघता येतं. गेस्टला ते पीसीआय कार्डसारखं दिसतं. बार म्हणजे कार्डाने दिलेला पत्त्यांचा पट्टा. बार ० मध्ये २५६ बाइटचे रजिस्टर, बार १ मध्ये एमएसआय-एक्सचं (इंटरप्टचं) टेबल, आणि बार २ म्हणजे खरी शेअर्ड मेमरी, जी होस्टवर एखादी साधी फाइल असते. त्याचे दोन प्रकार आहेत, प्लेनमध्ये फक्त मेमरी आणि डोअरबेलमध्ये इंटरप्टपण. डोअरबेल रजिस्टरमध्ये ३२ बिट लिहायचे, वरच्या १६ बिटात कुठल्या गेस्टला हाक मारायची त्याचा आयडी आणि खालच्या १६ मध्ये व्हेक्टर नंबर. बस, एवढंच हार्डवेअर. बाकीचा सगळा प्रोटोकॉल, म्हणजे त्या मेमरीत काय कुठे ठेवायचं, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठरवलेला असतो आणि म्हणूनच तिथे चुका होतात.

कोड उघडायच्या आधी लेखकाला विचारा की विश्वास कोणावर आहे. होस्ट गेस्टवर विश्वास ठेवत नाही हे तर धरूनच चालायचं, पण दोन गेस्ट एकमेकांवर ठेवतात का? गेस्ट होस्टवर ठेवतो का? पूर्वी या शेवटच्या प्रश्नाला लोक "अर्थातच" म्हणायचे, पण एएमडीचं एसईव्ही आणि इंटेलचं टीडीएक्स ही गेस्टची मेमरी होस्टपासून लपवणारी तंत्रं आल्यापासून होस्टवरसुद्धा विश्वास नाही असे गेस्ट खरंच चालतात, आणि तेव्हा गेस्टच्या ड्रायव्हरला होस्टकडून आलेली प्रत्येक व्हॅल्यू नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटसारखी तपासावी लागते. हे उत्तर कमिट मेसेजमध्ये लिहिलेलं हवं. ते नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी ते लिहून मागा, कारण त्याशिवाय कुठला चेक गरजेचा आणि कुठला फालतू हे ठरवताच येत नाही.

मग पहिल्यांदा हेडर फाइल, जिथे शेअर्ड मेमरीचा लेआउट आहे. इंट, लाँग, साइज_टी, बूल असलं काही दिसलं की लगेच कमेंट टाका, तिथे फक्त ठरावीक रुंदीचे टाइप चालतात आणि तेसुद्धा लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) म्हणून मार्क केलेले, म्हणजे स्पार्स हे कोड तपासणारं टूल चालवलं की चुकलेली कन्व्हर्जन आपोआप पकडली जातात. पॅडिंग हाताने लिहिलेलं हवं. ३२ बिट एक्स८६ वर ६४ बिट फील्डचं अलाइनमेंट स्ट्रक्चरच्या आत ४ बाइटचंच असतं, त्यामुळे ३२ बिट गेस्ट आणि ६४ बिट होस्ट एकच हेडर वापरूनसुद्धा वेगवेगळ्या ऑफसेटवर वाचू शकतात. पॉइंटर त्या मेमरीत कधीच नको, फक्त ऑफसेट, कारण दोन्हीकडे मॅपिंगचा पत्ता वेगळा असतो आणि वरून कर्नलचा पत्ता बाहेर फुटतो ते वेगळंच. आणि कर्नलचं स्पिनलॉक किंवा म्युटेक्स शेअर्ड मेमरीत ठेवलेलं दिसलं तर पॅच तिथेच थांबवा. पलीकडच्याने लॉक घेतलं आणि तो गेस्ट मेला किंवा कुणी पॉज केला, तर तुमचा प्रोसेसर कायमचा फिरत बसणार.

मॅपिंगचा भाग छोटा आहे पण एक गोष्ट बघाच. बार २ ही खरी रॅम आहे, रजिस्टर नाहीत, त्यामुळे तिथे नुसतं आयओरीमॅप केलं तर कॅश न होणारं मॅपिंग मागितलं जातं, परफॉर्मन्स जातो आणि आर्मवर तर एकाच पानाला (मेमरी पेजला) दोन बाजूंनी वेगवेगळे कॅश अॅट्रिब्यूट लागले की डेटासुद्धा जुनाच दिसू शकतो. मेम-रीमॅप राइट-बॅकसह, म्हणजे कॅश होणारं, हवं. यूआयओ (युजरस्पेसमधून ड्रायव्हर लिहायची सोय) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फिजिकल मेमरी टाइप दिला की यूआयओ युजरस्पेसच्या मॅपिंगला स्वतःहूनच नॉन-कॅश्ड करतं. आणि क्यूएमू २.६ च्या आधीचं डिव्हाइस सपोर्ट करायचं असेल तर पीसीआय रिव्हिजन तपासा, रिव्हिजन ० मध्ये सुरुवातीला बार २ तयारच नसतो, आयव्हीपोझिशन रजिस्टर निगेटिव्ह असेपर्यंत थांबावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, डबल फेच. कोड असा असतो: शेअर्ड हेडरमधली लांबी बफरपेक्षा मोठी आहे का बघितलं, नाही म्हटल्यावर तेवढी लांबी कॉपी केली. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण लांबी दोनदा वाचली गेली, एकदा तपासताना आणि एकदा वापरताना, आणि मधल्या काळात पलीकडच्याने ती बदलली तर तपासणीला काही अर्थच उरत नाही. काट्यावर एक वजन दाखवायचं आणि पिशवीत भरताना दुसरंच, तसा हा प्रकार. म्हणून नियम असा की शेअर्ड मेमरीतली प्रत्येक व्हॅल्यू एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायची, तपासायची ती लोकल कॉपी आणि वापरायचीही तीच.

पण सोर्समध्ये एकदाच वाचलेलं दिसतंय म्हणून थांबू नका. कंपायलरला ही मेमरी दुसरं कोणी बदलतंय हे माहीतच नसतं, त्यामुळे तो लोकल कॉपी उडवून टाकून मूळ जागेवरून पुन्हा वाचू शकतो, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. हे पुस्तकी नाहीये. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेनच्या प्रोजेक्टने एक्सएसए-१५५ ही सुरक्षेची सूचना काढली ती बरोबर याच कारणाने, फेलिक्स विल्हेल्म यांनी दाखवून दिलं की झेनच्या पॅराव्हर्च्युअल बॅकएंड ड्रायव्हरमध्ये (गेस्टमधल्या फ्रंटएंडच्या रिक्वेस्ट पुऱ्या करणाऱ्या) कंपायलर शेअर्ड रिंगमधली, म्हणजे रिक्वेस्टच्या गोल रांगेतली, व्हॅल्यू दोनदा वाचतोय. पीसीआय बॅकएंडमध्ये तर साधं स्विच स्टेटमेंट होतं, सोर्समध्ये कमांड एकदाच लिहिलेली, पण जंप टेबल बनवताना कंपायलरने रेंज तपासायला एकदा आणि उडी मारायला पुन्हा एकदा अशी ती वाचली, म्हणजे गेस्टला होस्टच्या बाजूला कुठेही उडी मारायची वाट मिळाली. त्यानंतर झेनमध्ये रिंगमधली रिक्वेस्ट पूर्ण कॉपी करून घेणारा मॅक्रो आला. तुमच्या ड्रायव्हरमध्ये साध्या फील्डला एकदाच वाचायला लावणारं रीड_वन्स हवं, आणि अख्खं स्ट्रक्चर घ्यायचं असेल तर कॉपीनंतर कंपायलर बॅरियर (कंपायलरला पुन्हा वाचू न देणारी खूण) हवा, कारण रीड_वन्स ८ बाइटपर्यंतच चालतं. स्ट्रक्चरचा पॉइंटर पुढच्या फंक्शनला पास होताना दिसला तर त्या फंक्शनमध्ये जाऊन बघा, ते फंक्शन तीच फील्ड पुन्हा वाचतं हे फार कॉमन आहे, आणि पॅचच्या डिफमध्ये ते दिसतच नाही कारण ते फंक्शन जुनं असतं.

रिंगचे इंडेक्स आणि लांब्या तपासताना बेरीज-वजाबाकीकडे लक्ष द्या. ऑफसेट अधिक लांबी हे साइजपेक्षा मोठं आहे का, असा चेक असेल तर ती बेरीजच ओव्हरफ्लो होऊन छोटी होऊ शकते. आधी ऑफसेट तपासायचा, मग लांबी ही साइज वजा ऑफसेट यापेक्षा मोठी आहे का ते बघायचं, किंवा चेक_अॅड_ओव्हरफ्लो वापरायचं. प्रोड्युसर (लिहिणाऱ्याचा इंडेक्स) वजा कन्झ्युमर (वाचणाऱ्याचा) हे रिंगच्या साइजपेक्षा जास्त आलं तर पलीकडचा खोटं बोलतोय, तिथेच रिंग बंद करायची, मास्क लावून पुढे रेटायचं नाही. डिस्क्रिप्टर (बफर कुठे आणि केवढा ते सांगणाऱ्या नोंदी) एकमेकांना जोडलेले असतील तर ती साखळी गोल करून ठेवली तर काय? व्हीहोस्टचा (होस्ट कर्नलमधला, गेस्टची रिंग हाताळणारा) कोड यासाठी मोजत राहतो, रिंगच्या साइजपेक्षा जास्त डिस्क्रिप्टर सापडले की लूप आहे म्हणून एरर देतो, तसा काउंटर इथेही हवा. आणि शून्य लांबी हा केस मुद्दाम वेगळा विचारा. २०१९ मध्ये व्हीहोस्ट-नेटमध्ये सापडलेला बग, सीव्हीई-२०१९-१४८३५, असाच होता, लाइव्ह मायग्रेशन (चालता गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं) चालू असताना गेस्टने वेडेवाकडे डिस्क्रिप्टर दिले की लॉगचा अॅरे होस्ट कर्नलमध्ये ओव्हरफ्लो व्हायचा. मायग्रेशनचा पाथ रोज चालत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, तुम्ही बघा.

इंडेक्स तपासून झाल्यावर तो अॅरेला लावण्याआधी अॅरे_इंडेक्स_नोस्पेक आहे का तेही बघून घ्या, कारण पलीकडचा कंट्रोल करत असलेला इंडेक्स म्हणजे स्पेक्टरला (प्रोसेसरच्या अंदाजाने पुढे धावण्याचा फायदा घेणाऱ्या हल्ल्याला) आयतं आमंत्रण.

बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम पक्का करणारी सूचना, हा भाग लोक घाबरून सोडून देतात, आणि त्याचं कारण मला कळतं, पण पॅटर्न दोनच आहेत. लिहिणारा आधी डेटा लिहितो, मग राइट बॅरियर, मग इंडेक्स पुढे करतो. वाचणारा आधी इंडेक्स वाचतो, मग रीड बॅरियर, मग डेटा. दोन्ही बाजू शोधा आणि जोडी लागते का ते बघा, एकाच बाजूला बॅरियर असेल तर तो नसल्यातच जमा. बॅरियर कुठला हेही महत्त्वाचं. एसएमपी_डब्ल्यूएमबी दिसलं तर हटकायचं, कारण गेस्टचं कर्नल एकाच प्रोसेसरसाठी बिल्ड केलेलं असेल तर ते नुसतं कंपायलर बॅरियर होऊन जातं, पण होस्टवर तर अनेक कोअर आहेत ना, पलीकडचा दुसऱ्या कोअरवरच चाललाय. यासाठीच २०१६ मध्ये लिनक्स ४.५ पासून व्हर्ट_एमबी, व्हर्ट_आरएमबी, व्हर्ट_डब्ल्यूएमबी असे वेगळे बॅरियर आले, इथे तेच हवेत.

एक्स८६ वर रीड किंवा राइट बॅरियर विसरला तरी बहुतेक वेळा चालून जातं, आर्मवर फुटतं. त्यामुळे "माझ्याकडे टेस्ट पास झाली" याला इथे किंमत नाही. पण एक जागा अशी आहे जी एक्स८६ वरही फुटते, आणि ती म्हणजे नोटिफिकेशन दाबून ठेवायचा फ्लॅग. प्रोड्युसर इंडेक्स लिहितो आणि मग समोरच्याने "मला उठव" असा फ्लॅग लावलाय का ते वाचतो. इथे आधी लिहिणं आणि नंतर वाचणं आहे, आणि हा क्रम एक्स८६ सुद्धा उलटा करू शकतो, म्हणून मध्ये पूर्ण व्हर्ट_एमबी पाहिजेच. समोरच्यानेही तसंच, फ्लॅग लावला, पूर्ण बॅरियर, मग इंडेक्स पुन्हा एकदा बघितला आणि मगच झोपला. हे नसेल तर लोड असताना कधीतरी दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात, काही क्रॅश होत नाही, लॉगमध्ये काही येत नाही, नुसतं थांबतं. असला बग नंतर शोधायला फार जड जातो म्हणून रिव्ह्यूतच पकडायचा.

पलीकडून आत काय येतं हे झालं, इथून बाहेर काय जातं तेही बघा. शेअर केलेलं पान आधी शून्य केलंय का? रिप्लाय स्ट्रक्चरच्या पॅडिंगमध्ये स्टॅकवरचं जुनं काही जातंय का? आणि शेअरिंग पानाच्या हिशोबाने होतं, ५१२ बाइटचा बफर द्यायचा म्हणून केमॅलॉकने घेतला तर त्याच ४ केबीच्या पानावरचं दुसऱ्याच कुणाचं तरी समोरच्याला दिसतं. २०२२ च्या एक्सएसए-४०३ मध्ये झेनच्या डिस्क आणि नेटवर्क फ्रंटएंडमध्ये हे दोन्ही प्रकार होते, पानं शून्य न करणं आणि पानावर दुसऱ्याचा डेटा असणं. शेअर करायची मेमरी पूर्ण पानांमध्येच घेतलेली हवी.

युजरस्पेसला एममॅप देत असतील तर ते फंक्शन शब्द न् शब्द वाचा, छोटंच असतं. युजरकडून आलेला पेज ऑफसेट न तपासता रीमॅप_पीएफएन_रेंजला दिला तर युजर दुसऱ्याच फिजिकल मेमरीवर पोचतो. व्हीएम_आयओमॅप_मेमरी वापरायला सांगा, ते ऑफसेट आणि साइज दोन्ही ओव्हरफ्लोसकट तपासतं. रीड-ओन्ली द्यायचं असेल तर राइट फ्लॅग नाकारून पुरत नाही, मे-राइट फ्लॅगही काढायला हवा, नाहीतर युजर नंतर एमप्रोटेक्ट करून लिहितो. आणि २५६ बाइटचा बार ० जर मॅप करून देत असतील तर मॅपिंग अख्ख्या पानाचं होतं, त्या पानावर शेजारच्या डिव्हाइसचा बारही असू शकतो.

इंटरप्टच्या बाबतीत एवढंच, रिक्वेस्ट_आयआरक्यू झाल्या क्षणापासून तो येऊ शकतो, सगळं तयार व्हायच्या आधीसुद्धा, त्यामुळे हँडलर जे जे वापरतो ते सगळं त्या ओळीच्या वर इनिशियलाइज झालेलं पाहिजे. समोरचा उगाच हजारो डोअरबेल वाजवत बसला तर? २०२१ ची एक्सएसए-३९१ याचसाठी होती, बिघडलेला बॅकएंड इव्हेंटचा मारा करून गेस्ट अडकवून ठेवायचा. हँडलरमध्ये प्रिंट असेल तर ते रेटलिमिटेड हवं. आणि समोरच्याच्या चुकीवर बग_ऑन किंवा वॉर्न_ऑन अजिबात नको, कारण बऱ्याच सर्व्हरवर वॉर्न आला की पॅनिक करायचं सेटिंग असतं, म्हणजे समोरचा एक चुकीचा बाइट लिहून तुमचं मशीन पाडू शकतो.

आता बंद करायचा पाथ. हा शेवटी वाचतात तेव्हा रिव्ह्यूअर दमलेला असतो, म्हणून मी तर म्हणेन दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने फक्त रिमूव्ह फंक्शन वाचा. क्रम असा हवा: नवीन ओपन बंद करा, इंटरप्ट सोडा, राहिलेली वर्कक्यू कॅन्सल करून ती संपेपर्यंत थांबा, मग मॅपिंग काढा, मग बार सोडा. डेव्हएम फंक्शन (घेतलेलं आपोआप सोडणारी) वापरली असतील तर ती घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात, पण रिमूव्ह फंक्शन चालून झाल्यावर, त्यामुळे काही हाताने आणि काही डेव्हएमने सोडलं असेल तर कागदावर क्रम लिहून काढा. बऱ्याचदा मेमरी हाताने अनमॅप झालेली असते आणि डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट अजून जिवंत असतो.

त्याहून मोठा सापळा म्हणजे ड्रायव्हरचं प्रायव्हेट स्ट्रक्चर डेव्हएम_केझॅलॉकने घेतलेलं आणि त्याचाच पॉइंटर उघड्या फाइलमध्ये ठेवलेला. डिव्हाइस काढलं की स्ट्रक्चर फ्री होतं, पण युजरने फाइल बंद केलेली नसते, पुढच्या आयओसीटीएलला यूज-आफ्टर-फ्री. तिथे रेफरन्स काउंट पाहिजे. युजरची एममॅपही तशीच मागे राहते, ती उपटून काढायचा कोड आहे का बघा.

आणि समोरच्याला दिलेली मेमरी परत घेताना समोरच्याने ती खरंच सोडलीय याची खात्री कशी केली? "अजून वापरतोय का" असं विचारून मग वेगळ्या पायरीने परत घेतली तर मधल्या फटीत तो पुन्हा मॅप करू शकतो. २०२२ च्या एक्सएसए-३९६ मध्ये झेनच्या कितीतरी फ्रंटएंडमध्ये हेच निघालं. परत मिळालीच नाही तर? अशा वेळी ती मेमरी फ्री करायची नाही, लीक होऊ द्यायची. नवीन जॉइन झालेल्या मुलामुलींना हे ऐकून धक्का बसतो, कारण लीक म्हणजे बग असंच शिकलेलो असतो, पण जे पान समोरचा अजून वाचू शकतो ते अॅलोकेटरला परत दिलं तर उद्या तिथे कुणाचा तरी पासवर्ड येईल. एन्क्रिप्टेड गेस्टमध्ये सेट_मेमरी_एन्क्रिप्टेड (शेअर केलेलं पान पुन्हा खाजगी करणारं फंक्शन) फेल झालं तरीही हाच नियम, आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीसाठीच्या व्हीएमबस कोडमध्ये मुद्दाम असेच बदल केले गेले. तेव्हा या फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू तपासलीय का, आणि फेल झाल्यावर फ्री होत नाहीये ना, हे दोन्ही बघा.

होस्टच्या बाजूचा कोडही पॅचमध्ये असेल तर शेअर्ड फाइल कोणी छोटी करू शकतं का ते विचारा. फाइल ट्रंकेट झाली की दुसऱ्या बाजूच्या प्रोसेसला सिगबस येतो आणि तो मरतो. मेमएफडी (फक्त मेमरीत असणारी फाइल) वापरून त्यावर छोटी करू न देणारा श्रिंक सील लावला की हा प्रश्न मिटतो, कर्नलमधलं यूडीएमएबफ तर हा सील नसेल तर मेमएफडी घेतच नाही.

वाचून झालं की चालवून बघा, आणि सरळ वागणाऱ्या समोरच्याबरोबर नाही. आयव्हीश्मेमची मजा ही की बार २ मागची फाइल होस्टवर उघडी असते, डेव्ह-एसएचएममध्ये ठेवली की छोटा सी प्रोग्रॅम ती मॅप करून लांबीचं फील्ड १६ आणि ६५५३५ असं सतत उलटपालट करत बसू शकतो, वीसेक ओळींचं काम आहे. गेस्टमध्ये कासान (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून ड्रायव्हर चालवा आणि बाजूला हा प्रोग्रॅम सोडा, डबल फेच असेल तर बऱ्याचदा लगेच उघडा पडतो. रेस पकडणारं केसीसॅनही लावून बघा, समोरून बदललेल्या व्हॅल्यूला ते "अज्ञात ठिकाणाहून आलेली रेस" म्हणून रिपोर्ट करतं, म्हणजे जिथे रीड_वन्स राहिलंय ती जागा आयती मिळते. मग ट्रॅफिक चालू असताना दुसरा गेस्ट धाडकन मारा, ड्रायव्हर अनबाइंड करा, पुन्हा बाइंड करा.

कमेंट लिहिताना "इथे रेस आहे" एवढंच लिहून सोडू नका, लेखकाला ते पटत नाही आणि उगाच चार फेऱ्या वाढतात. पायऱ्या लिहा: या ओळीला लांबी वाचली ती १६, त्यानंतर समोरच्याने ती ६५५३५ केली, त्या ओळीला पुन्हा वाचली, कॉपी २५६ बाइटच्या बफरच्या बाहेर गेली. असं लिहिलं की वादच उरत नाही. आणि उत्तर आलं की "आमचा होस्ट असं कधी करणार नाही", तर ते वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये जसंच्या तसं घालायला सांगा. घालायला तयार असतील तर ठीक, नसतील तर चेक लिहायला लावा, आणि तोपर्यंत रिव्ह्यूड-बायखाली स्वतःचं नाव देऊ नका.